मुंबई अग्निशमन दल

आगीचे निवारण करणारे आणि आगीत वा अन्य आपत्तीत सापडलेल्यांचे प्राण वाचविणारे बृहन्मुंबई महानगरपालिकेचे खाते म्हणजे मुंबई अग्निशमन दल होय. आग विझविणे हे त्याचे मूळ कार्य. परंतु कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यातून माणसे काढणे, वायुगळती थोपविणे, समुद्रात वा विहिरीत बुडणाऱ्यांचा शोध घेणे, उद्वाहनात अडकलेल्यांची सुटका करणे ही कामेही त्याच्याकडे येतात. पावसाळ्यात जुन्या चाळी पडू लागल्या की या कामांचा भार विशेष वाढतो. सामान्य मुंबईकर दलाच्या गाडीला ‘बंब’ म्हणतो. पाणी तापविण्याच्या तांब्याच्या बंबाशी समनामिक असलेला हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आला, असे मानले जाते.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईला आगीची खरी दहशत बसली ती १७ फेब्रुवारी १८०३ रोजी. कोटातील बाजारभागात लागलेली आग वाऱ्याने दिवसभर पसरत गेली आणि कोटातील वस्तीचा सु. एक तृतीयांश भाग भस्मसात झाला. ज्वाला किल्ल्यातील दारूच्या कोठाराकडे सरकू लागल्या, तेव्हा वाटेतील घरे तोफा डागून पाडण्यात आली. आगीपुढील इंधन काढून घेण्याचा हा उपाय होता. त्या वेळी शहराला नळाचे पाणी नव्हते. विहिरी व तलाव यांवरच भिस्त होती आणि दाट वस्तीत तेथून पुरेसे पाणी वाहून आणणे अशक्यप्राय होते. या आगीनंतर कोटाबाहेर नव्या वस्तीला चालना मिळाली. शहररचनेवर आगीने केलेला हा परिणाम ग्रंथांतून नोंदला जातो. विझविण्याच्या व्यवस्थेत मात्र पुढील अर्धशतकात फारशी प्रगती झाली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग विझविण्याचे काम पोलिसांकडे होते आणि पोलीस आयुक्त हाच त्याचा प्रमुख असे. बंदोबस्त ठेवणाऱ्या शिपायानेच बंबही चालवायचा, ही व्यवस्था गिरण्या व गुदामे यांनी भरत चाललेल्या शहराला पुरी पडणे शक्य नव्हते. विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले, त्यानंतर १८७९ मध्ये तुळशीचे व १८९२ मध्ये तानशाचे आले. दाबाखालील पाणी रस्त्यांतून खेळू लागल्यानंतरच हायड्रंटला नळी जोडून आगीवर अखंड मारा करणे शक्य झाले. अग्निशमनाच्या इतिहासात बंबांची वर्णने पुष्कळ आढळतात. या जलवाहिन्यांचे श्रेय बहुधा दुर्लक्षिले जाते.

स्वतंत्र दलाची स्थापना १८८७ मध्ये झाली. पाठोपाठ मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने असे दल राखणे व आगीच्या प्रसंगी जीवित आणि मालमत्ता यांचे रक्षण करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. अडथळा आणणाऱ्यांना हटविणे, रस्ता बंद करणे, दारे फोडून आत शिरणे, जरूर तर बांधकाम पाडणे, एखाद्या ठिकाणी पाण्याचा दाब वाढावा म्हणून अन्यत्र नळ बंद करणे हे अधिकार आगीच्या जागी दलाला मिळाले. लंडनसाठी १८६५ मध्ये झालेल्या अधिनियमातही असेच अधिकार होते. ऐन आगीत मालकाची संमती मागत बसावे लागू नये, हा त्यांतील मर्माचा भाग. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत घोड्यांच्या गाड्या जाऊन मोटारबंब आले.

मात्र हे अधिकार गोदीत, लष्करी माल भरलेल्या जहाजावर कितपत चालतात, हा प्रश्न १४ एप्रिल १९४४ रोजी उभा राहिला. ‘फोर्ट स्टायकिन’ हे मालवाहू जहाज कराचीहून येऊन १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्यावर सु. १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा होत्या. कापूस व स्फोटके एकाच जहाजात भरणे धोक्याचे होते. स्फोटकांची जहाजे गोदीबाहेर नांगरून माल पडावांतून उतरविण्याचा शांतताकालीन नियमही युद्धामुळे शिथिल झाला होता. धोकादायक मालाची खूण म्हणून लावावयाचे लाल निशाण जहाजावर नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून धूर दिसला. कापसाची आग फसवी असते. गासडी वरून विझलेली दिसली, तरी आत धुमसत राहते. ती फोडून भिजविल्याखेरीज आग संपत नाही. येथे तर दाट धुरामुळे आगीचे मूळच सापडेना. बंबांनी व अग्निनौकांनी ९०० टनांहून अधिक पाणी फाळक्यात सोडले. त्या पाण्यावर गासड्या तरंगून जळता थर वरच्या स्फोटकांच्या अधिक जवळ गेला असावा, असे मानण्यात येते. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्स जातीने हजर होते. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी व लष्कराचा दारूगोळा-अधिकारीही तेथे होते. जहाज बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे यावर चर्चा झाली. तळाखाली पाणी थोडेच असल्याने ते बुडविणेही सोपे नव्हते. जहाज कप्तानाचे, गोदी पोर्ट ट्रस्टची, माल लष्कराचा आणि आग दलाची, अशी ही विभागणी होती. अखेरचा शब्द कोणाचा हे ठरले नाही आणि जवान पाणी मारीत राहिले.

दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला व ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. कंपनांची नोंद कुलाबा वेधशाळेत तर झालीच, पण दूरच्या सिमल्यापर्यंत ती पोहोचली. जळता कापूस व तप्त लोखंड आसपासच्या वस्तीवर पडून नव्या आगी लागल्या. मृतांची संख्या ८०० ते १,३०० या दरम्यान सांगितली जाते; सु. ८०,००० लोक बेघर झाले. दलाचे ६६ जवान मारले गेले. त्या दिवशी आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांची कथा मुंबईत आजही सांगितली जाते. या ६६ जणांविषयी तितके बोलले जात नाही. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आणि २० एप्रिलपर्यंतचा सप्ताह देशभर अग्निशमन सेवेचा म्हणून पाळला जातो.

या दुर्घटनेत धैर्याची किंवा पाण्याची उणीव नव्हती. आत काय आहे याची आगाऊ माहिती आणि एकमुखी आज्ञा यांची उणीव होती. पहिल्या उणिवेवर कायद्याचा उपाय बऱ्याच उशिरा झाला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अंमलात आला. त्याने इमारतीतील अग्निशमन साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादार यांच्यावर टाकली. परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करवून जानेवारीत व जुलैत तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. उत्तुंग इमारतींत हा उपचार नाही. शिडी जेथवर पोहोचते त्यावरील मजल्यांसाठी इमारतीतील उभी जलवाहिनी व तिचा पंप हाच जवानांचा आधार असतो. तो पंप बंद असेल, तर खाली उभ्या असलेल्या बंबांचा तेथे फारसा उपयोग होत नाही.

जुन्या इमारतींची स्थिती वेगळी आहे. त्यांचा सांगाडा लाकडी आणि जिने अरुंद. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या इमारतीला आग लागली. रहिवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले, पण जळालेला सांगाडा कोसळला. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी या आगीत प्राणास मुकले. दलाच्या शिखरावरील अधिकारी एकाच आगीत गमावले जाण्याचे कारण त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. मोठ्या आगीत वरिष्ठांनी स्वतः आघाडीवर राहावे, असा दलाचा प्रघात होता.