पारा, सेलेनियम आणि माझी एक खोटी टिक

मंडळाच्या कोजागिरीला नाहीतर कुणाच्या घरच्या पॉटलकला हा प्रश्न हमखास येतो, "वहिनी, तुम्ही क्यूए करता म्हणजे नक्की काय करता?" मी सांगते, "दुसऱ्यांच्या चुका काढते. घरी सराव आहेच!" मंडळी हसतात आणि विषय संपतो. यंदा संपादकांनी आपापल्या व्यवसायाचा इतिहास लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं, एकदा नीट सांगूनच टाकावं. त्यातून या इतिहासाचं एक मोठं पान आपल्या शिकागोतच लिहिलं गेलं आहे.

पुण्याची एम.एस्सी. पदरात असूनही एच-४ वर आल्यामुळे दोन वर्षं मी घरी बसले होते. मग टेस्टिंगचा कोर्स केला आणि २००२ साली उपनगरातल्या एका कंपनीत लागले. आपल्यातल्या बऱ्याच जणी याच दाराने नोकरीत शिरल्या. काम असं, की वेबसाइटवर ग्राहकासारखं लॉग-इन करायचं, फॉर्म भरायचा, पैसे भरून पावती पाहायची आणि एक्सेलच्या तक्त्यात टिक करायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या या फेरीला ‘एंड-टू-एंड’ चाचणी म्हणतात. प्रोग्रामरने एक ओळ बदलली, की सगळ्या फेऱ्या पुन्हा. हे आपोआप करणारी साधनं तेव्हाही होती. त्यांत मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीचं विनरनर फार गाजलेलं. पण अशा साधनांचे परवाने महाग. आम्ही सहा जणी आणि परवान्याचं मशीन एक, तेही दुसऱ्या मजल्यावर. तिथे नंबर लावावा लागे.

एका शुक्रवारी रात्री चौथी फेरी चालू होती. मुलगी पाळणाघरात, घड्याळात साडेसहा. पैसे भरल्यावर ‘बॅक’ दाबून पाहायची पायरी मी न करताच टिक केली. सोमवारी कळलं, की ‘बॅक’ दाबणाऱ्या काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले होते. चूक प्रोग्राममधली ठरली आणि दुरुस्तही झाली. माझ्या टिकेबद्दल कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२००४ साली इथल्या थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स नावाचा प्रोग्रामर कर्मचाऱ्यांचे तास आणि खर्च नोंदवणारी अंतर्गत प्रणाली तपासत होता. तेच तेच करून तोही वैतागला असणार. ब्राउझरच्या आतच राहून बटणं दाबणारा एक कार्यक्रम त्याने जावास्क्रिप्टमध्ये लिहिला आणि नाव ठेवलं सेलेनियम. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, असा तो विनोद! त्याच वर्षी तो सर्वांना फुकट खुला झाला. मर्क्युरी कंपनी २००६ मध्ये एचपीने सुमारे ४.५ अब्ज डॉलर्सना घ्यायचं जाहीर केलं, हेही नमूद करायला हवं. विषाचा भाव काही उतरला नव्हता.

फुकट असलं तरी ते सोपं नव्हतं. एका साइटवरून आलेल्या जावास्क्रिप्टने दुसऱ्या साइटच्या पानात हात घालायचा नाही, असा ब्राउझरचा नियम आहे. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरू नये, तसाच. म्हणून सेलेनियमच्या फायली मूळ साइटच्याच सर्व्हरवर ठेवाव्या लागत. पुढे सेलेनियम आरसी आलं. ते मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर बसवून ब्राउझरला सगळं एकाच घरचं आहे असं भासवी. आता आपल्याच मशीनवर साइट, मध्यस्थ आणि ब्राउझर तिन्ही चालवता येऊ लागले.

मला मात्र तारलं ते शिन्या कासातानी या जपानी प्रोग्रामरच्या सेलेनियम आयडीईने. फायरफॉक्समध्ये ते बसवायचं, आपण एकदा क्लिक करायचं आणि मग ते तसंच पुन्हा करून दाखवी. २००६ च्या उन्हाळ्यात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर मी पहिली चाचणी लिहिली. अर्थात ‘बॅक’ बटणाची. तेव्हा आई सहा महिन्यांसाठी आली होती. फॉर्म आपोआप भरला जाताना पाहून ती ओरडली, "अगं, कुणीतरी आत शिरलंय! बंद कर आधी!"

ऑफिसात वेगळीच भीती. "मशीन हे करणार, तर आपण काय करणार?" आमच्यातल्या दोघींनी पुढे खरंच हे क्षेत्र सोडलं. मी प्रोग्रामिंग शिकले, पण ते हौसेने नव्हे, घराचं कर्ज होतं म्हणून.

पुढची वर्षं तशी भरभर गेली. सायमन स्टुअर्टचं वेबड्रायव्हर ब्राउझरला बाहेरून हाकत असे. २००९ मध्ये ते आणि सेलेनियम एकत्र यायचं ठरलं, २०११ मध्ये सेलेनियम २ आलं आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर हे डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झालं. पण रोजची डोकेदुखी निराळीच होती. क्रोम दर काही आठवड्यांनी बदलायचं, आपला ड्रायव्हर जुना राहायचा आणि सकाळी एकही चाचणी चालायची नाही. योग्य ड्रायव्हर स्वतःच शोधून आणायची सोय सेलेनियममध्ये यायला २०२२ उजाडलं.

दुसरं दुखणं थांबण्याचं. पान उघडायच्या आत चाचणी बटण शोधायला जायची, म्हणून आम्ही "पाच सेकंद थांब" असं लिहायचो. माझ्या मशीनवर पाच पुरत, दुसऱ्याच्या हळू मशीनवर नाही. त्यामुळे चाचण्या लहरी झाल्या. आज पास, उद्या नापास. आणि लहरी चाचणीकडे लोक दुर्लक्षच करतात, ते मला जास्त घातक वाटे. २०१७ मध्ये सायप्रसची १.० आवृत्ती आली आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट. ही साधनं बटण दिसेपर्यंत, दाबण्याजोगं होईपर्यंत स्वतःच थांबतात. प्लेराइटमध्ये चाचणी कुठे अडली, ते नंतर पायरी-पायरीने पाहताही येतं.

मागच्या थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली होती. तीही आता प्रोग्रामर आहे. त्याच टेबलावर तिने आपल्या चाचण्या सुरू केल्या. ब्राउझरची खिडकी दिसतसुद्धा नव्हती, नुसत्या हिरव्या ओळी सरकत होत्या. "खिडकी उघडी ठेवून चालव ना," मी म्हटलं. तिने चालवल्या. फॉर्म भरला, पैसे भरले, पावती आली.

"बॅक दाबून पाहिलंस का?" मी विचारलं.

"नाही गं. का?"

मग तिला २००२ सालचा तो शुक्रवार सांगितला.