जीओआयचे पैसे

आमच्या घरात इतिहास आजोबांच्या तोंडून यायचा आणि तो १६ ऑक्टोबर १९५६पासून सुरू व्हायचा. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला आले होते. आजोबा नागभीडकडून गेले. ‘दीक्षा घेतली न् मनात म्हणलं, आता पोराले इंजिनेर करतो,’ ते सांगायचे. पण धर्म बदलला आणि अनुसूचित जातीच्या सवलती हातच्या गेल्या. १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हा राज्यानं त्या नवबौद्धांना देऊ केल्या. केंद्राची मान्यता मिळायला १९९० उजाडलं.

बाबा नागपुरात इंजिनिअरिंग शिकले ते सरकारी शिष्यवृत्तीवर. गव्हर्नमेंट ऑफ इंडियाची, म्हणून पोरं तिला जीओआयच म्हणत. हप्ता यायचा तो परीक्षा उलटून गेल्यावर. तोवर मेसवाला उधारीवर जेवू घालायचा, आणि इकडे आजोबा बियाण्यापुरतं ठेवून बाकीचं धान विकायचे. ‘पैसा उशिरा येते गा, पण येते,’ एवढ्या भरवशावर चार वर्षं निघाली.

या पैशाचं मूळ मला फार उशिरा वाचायला मिळालं. २९ ऑक्टोबर १९४२च्या निवेदनात बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगोंकडे विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वर्षाला २ लाखांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी आणखी १ लाख. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस लिहितो की नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणानं या समाजाचं भागणार नाही! १९४४ साली मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली, पुढे १९४८-४९पासून आदिवासी मुलांनाही मिळू लागली.

तरी भामरागड, सिरोंचाकडच्या गोंड-माडिया पोरांना ती गाठणं अवघडच होतं. गडचिरोली जिल्हा १९८२चा. त्याआधी जिल्ह्याचं काम म्हणजे जंगल ओलांडून चंद्रपूर. गोंडवाना विद्यापीठ आलं २०११ साली.

आजोबा दादाजी खोब्रागडेंचंही नाव काढायचे. आमच्याच तालुक्यातल्या नांदेडचे. जेमतेम शाळा शिकलेल्या या शेतकऱ्यानं १९८३पासून ओंब्या निवडत निवडत एचएमटी हे धानाचं वाण घडवलं. त्यांच्या हाताला प्रयोगशाळा मिळाली असती तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही तळमळ होते. म्हणूनच आज मुलगी प्रवेशाला उभी असते, त्याच महिन्यात तिच्या खात्यात पैसे पडले पाहिजेत. मेसवाल्याच्या उधारीवर तिचं इंजिनिअरिंग चालू नये.