गाडी लॉक आहे, जवळ कोणी नाही, तरी अलार्म का वाजतो? आधी काय करायचं आणि कारण कसं शोधायचं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून ते देशभर ओळखलं जातं. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा सुरू केली, तेव्हा 'कुलूप नसलेली बँक' अशा बातम्या झाल्या होत्या. पण याच गावात दर्शनाला आलेला माणूस गाडीतून उतरला की पहिलं काम काय करतो? रिमोट दाबून गाडी लॉक करतो. त्यात चुकीचं काही नाही. २०१० मध्ये इथेच एका भाविकाने गाडीतून रोकड चोरीला गेल्याची तक्रार केली होती. पुढे २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही सुरू झालं.

थोडक्यात काय, तर गाडीला अलार्म लागतोच. अडचण तेव्हा येते, जेव्हा तो विनाकारण वाजायला लागतो. पहिल्यांदा वाजला की सगळे बघतात. चौथ्यांदा वाजला की शेजारी खिडकी लावून घेतात. दहाव्यांदा वाजला की मालकच म्हणतो, "वायर कापून टाक." 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत जे झालं, तेच इथे होतं. खरा चोर येतो त्या रात्री कोणी उठत नाही.

म्हणून अलार्म कापायच्या आधी तो का वाजतोय हे शोधणं गरजेचं आहे. बऱ्याचदा कारण अगदी किरकोळ निघतं.

अलार्म नेमका कशावर वाजतो?

चोर कोण आणि मालक कोण, हे अलार्मला कळत नाही. त्याला फक्त स्विच आणि सेन्सर कळतात. चारही दरवाजे, डिकी आणि बऱ्याच गाड्यांमध्ये बॉनेट, यांना छोटे स्विच असतात. गाडी रिमोटने लॉक केली की काही सेकंदांत अलार्म 'पहाऱ्यावर' जातो. त्यानंतर यातला कुठलाही स्विच 'उघडलं' असा सिग्नल देतो, तेव्हा अलार्म वाजतो.

काही गाड्यांमध्ये आणखी सेन्सर असतात. बाहेरच्या दुकानातून बसवलेल्या अलार्ममध्ये बहुतेक वेळा धक्का ओळखणारा शॉक सेन्सर असतो. महागड्या गाड्यांमध्ये आतली हालचाल ओळखणारा किंवा गाडी एका बाजूने उचलली तर ओळखणारा सेन्सरही असू शकतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वाहनांच्या अलार्मसाठी संयुक्त राष्ट्रांचा ९७ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार अलार्मचा आवाज एका वेळी २५ ते ३० सेकंद टिकायला हवा आणि नव्याने छेडछाड झाली तरच तो पुन्हा वाजायला हवा. याचा अर्थ असा की, अलार्म थांबून पुन्हा पुन्हा वाजत असेल तर कुठला तरी स्विच किंवा सेन्सर पुन्हा पुन्हा सिग्नल देतोय. तो कुठला, एवढंच शोधायचं असतं.

आत्ता वाजतोय, आधी काय करायचं?

१. आधी गाडीकडे बघा, मग रिमोट दाबा. काच फुटली आहे का, दरवाजा अर्धवट उघडा आहे का, आत कोणी आहे का? गाडीला मुद्दाम धक्के देऊन अलार्म वाजवत राहायचं, मालक वैतागून तो बंद करतो आणि मग हात मारायचा, ही युक्तीही वापरली जाते. संशय आला तर एकटे पुढे जाऊ नका, ११२ ला फोन करा.

२. रिमोटवरचं अनलॉकचं बटण दाबा. बहुतेक गाड्यांमध्ये एवढ्याने आवाज थांबतो.

३. रिमोट चालत नसेल तर त्याच्या आत लपलेली धातूची किल्ली काढा आणि दरवाजा उघडा. दरवाजा उघडल्यावर आवाज सुरूच राहील, घाबरू नका. किल्ली इग्निशनमध्ये घालून 'ऑन' करा. गाडी पुश बटणाची असेल तर रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. रिमोटचा सेल संपला असला तरी त्यातली चिप इतक्या जवळून ओळखली जाते. काही मॉडेलमध्ये रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

४. यातलं काहीच चाललं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. पुन्हा जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडायचं. यानंतर घड्याळ आणि पॉवर विंडोची सेटिंग पुन्हा करावी लागू शकते. सायरनला स्वतःची वेगळी बॅटरी असेल तर मात्र तो तरीही वाजत राहील.

आत माणूस असेल तर?

शिर्डीसारख्या ठिकाणी नेहमी घडू शकेल असा प्रसंग घ्या. आजींना रांगेत उभं राहणं झेपत नाही म्हणून त्या गाडीतच थांबतात किंवा लहान मूल मागच्या सीटवर झोपलेलं असतं. बाकीचे सवयीने रिमोट दाबून निघून जातात. थोड्या वेळाने आजी आतून दरवाजा उघडतात आणि अलार्म सुरू होतो. लॉक केलेल्या गाडीचं दार उघडलं, एवढंच अलार्मला समजतं.

हा अलार्म खोटा नाही. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत धोकादायक तापते, आणि मुलांना व वृद्धांना त्याचा त्रास सगळ्यात लवकर होतो. म्हणून आत कोणी असताना गाडी रिमोटने लॉक करू नका. पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी वाजत असेल, तर कान बंद करून पुढे जाण्याआधी एकदा काचेतून आत डोकावा.

नेहमीची कारणं कोणती?

बॉनेटचा स्विच. संशय घ्यायचा तर पहिला यावर घ्या. तो इंजिनाजवळ, धूळ, पाणी आणि उष्णता यांच्या तोंडावर असतो. जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग कोरडा आणि धुळीचा, तर पश्चिमेला अकोले, भंडारदऱ्याकडे धो धो पाऊस. दोन्ही हवामानं या स्विचला मानवत नाहीत. धूळ बसून तो अडकतो किंवा गंज चढून त्याचा संपर्क तुटतो. बॉनेट बंद असूनही अलार्मला ते उघडं वाटतं. बॉनेट उघडून स्विच बोटाने दाबून बघा. तो सहज वर येत नसेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. बॉनेट पूर्ण खाली बसतंय ना, हेही बघा.

दरवाजा किंवा डिकी नीट न लागणं. सीटबेल्टचं टोक, पिशवीचा बंद, झिजलेलं रबर, एवढंही पुरतं. इग्निशन चालू करून डॅशबोर्डवर दरवाजा उघडा असल्याचा दिवा दिसतो का ते बघा. सगळं बंद असताना तो लुकलुकत असेल तर त्या दरवाज्याचा स्विच खराब आहे.

कमकुवत बॅटरी. नीट चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी काही तास उभी राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या आसपास आला तर ती जवळपास रिकामी आहे. व्होल्टेज पडलं की काही अलार्मना बॅटरी कोणीतरी काढतंय असं वाटतं. थंडीत बॅटरीची ताकद आणखी कमी होते. डिसेंबर-जानेवारीत नगरचा पहाटेचा पारा एक अंकी होतो. फक्त थंड पहाटेच अलार्म वाजत असेल तर आधी बॅटरी तपासा. तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर तीही साफ करून घ्या.

शॉक सेन्सर. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्याने जातात. जमीन थरथरली की संवेदनशील सेन्सर वाजतो. लग्नाचा डीजे, फटाके, बॉनेटवर उडी मारणारं मांजर, यांनीही तेच होतं. बऱ्याच सेन्सरवर संवेदनशीलता कमी करायचा छोटा स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की काम होतं.

उंदीर. शेताजवळ किंवा उसाच्या फडाशेजारी गाडी लावत असाल तर हे कारण विसरू नका. उबेसाठी उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. कुरतडलेल्या वायरी, लेंड्या, गवताचे तुकडे दिसले तर गाडी सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. उघड्या वायरीमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते.

खिशातला रिमोट. काही रिमोटवर लाल पॅनिक बटण असतं. खिशात, पर्समध्ये किंवा उशीखाली ते दाबलं जातं आणि दोष गाडीला मिळतो.

वेळ बघा, कारण सापडेल

अलार्म वाजला की मोबाइलवर तीन गोष्टी टिपून ठेवा: वेळ, जागा आणि हवामान. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होतं.

• लॉक केल्यावर मिनिटभरात वाजतो: दरवाजा, डिकी किंवा बॉनेटचा स्विच.
• थंड पहाटे किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर वाजतो: बॅटरी.
• पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाजतो: स्विचमध्ये किंवा वायरच्या जोडात पाणी.
• जड वाहन गेल्यावर वाजतो: शॉक सेन्सर.
• तुम्ही जवळ असतानाच वाजतो: खिशातला रिमोट.

एकाच जागी रिमोट चालत नसेल तर?

बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरतात. त्याच पट्ट्यात इतरही वायरलेस उपकरणं चालतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी रिमोट दाबून गाडी लॉकच होत नाही किंवा वाजणारा अलार्म बंद होत नाही. अशा वेळी गाडीच्या अगदी जवळ जाऊन रिमोट दाबा. सगळीकडेच जवळ जावं लागत असेल तर रिमोटचा सेल बदला. अनेक रिमोटमध्ये सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल असतो.

विद्युत उपकरणांनी एकमेकांच्या कामात अडथळा आणू नये, यासाठी गाड्यांची खास चाचणी होते. तिला ईएमआय-ईएमसी चाचणी म्हणतात. ही चाचणी करणाऱ्या देशातल्या संस्थांपैकी एक नगरमध्येच आहे: डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा, व्हीआरडीई. बाहेरून बसवलेला स्वस्त अलार्म, एलईडी किंवा चार्जर मात्र अशी चाचणी झालेला असेलच असं नाही.

वायर कापून टाकली तर?

कापू नका. पहिलं कारण, अनेक गाड्यांमध्ये अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझर एकमेकांना जोडलेले असतात. इमोबिलायझर म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. चुकीची वायर कापली तर गाडी जागेवरच बसते. दुसरं, कंपनीने दिलेलं वायरिंग कापलं तर वॉरंटीचा वाद होऊ शकतो. तिसरं, एआरएआयची मान्यता असलेल्या चोरीविरोधी उपकरणावर विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते. तुम्ही ती घेतली असेल आणि उपकरण बंद केलं, तर चोरीच्या दाव्याच्या वेळी प्रश्न येऊ शकतो.

दुरुस्ती होईपर्यंत रात्र काढायची असेल तर गाडी रिमोटऐवजी किल्लीने लॉक करून बघा. काही गाड्यांमध्ये त्यामुळे दरवाजे लॉक होतात, पण अलार्म पहाऱ्यावर जात नाही. शेजाऱ्यांचाही विचार करायला हवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गाडीचा सायरन त्याच्या कितीतरी वर जातो.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

"अलार्म वाजतो, बंद करून द्या" असं सांगितलं तर तो बंद करूनच मिळेल. त्याऐवजी टिपलेल्या नोंदी दाखवा आणि तीन गोष्टी करून घ्या: बॅटरीची लोड टेस्ट, सगळ्या स्विचची तपासणी आणि स्कॅनर लावून एरर कोड. अलार्म बाहेरून बसवलेला असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे मेकॅनिक कंपनीच्या वायरिंगमध्ये दोष शोधत बसणार नाही. दुरुस्तीनंतर दोन-तीन रात्री अलार्म शांत राहिला, तर शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा: आता वाजला तर खिडकी उघडून बघा.