सॅक्सोफोन उरला, तोंड हरवलं

मागच्या उन्हाळ्यात मी एक मूर्खपणा केला. सॅक्सोफोनचा काळा माउथपीस गरम पाण्याने धुतला आणि वाळायला खिडकीत उन्हात ठेवला. संध्याकाळी पाहतो तर तो हिरवट-तपकिरी पडलेला. ओठाला लावला तर गंधकाचा वास. मग डबीतलं लिगेचर काढलं, म्हणजे माउथपीसवर रीड घट्ट धरून ठेवणारं कडं. त्याला चांदीचा मुलामा होता. कित्येक महिने त्या माउथपीसबरोबर एकाच बंद डबीत राहून तेही काळं पडलं होतं.

या दोन डागांचं कारण शोधता शोधता मी दीडशे वर्षांहून मागे गेलो.

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याचा आवाज सुरू होतो तो तोंडात धरायच्या या छोट्या तुकड्यापासून. त्यावर बांधलेली बोरूची पातळ रीड फुंकरीने थरथरते आणि पुढची सगळी नळी तिला साथ देते. १८१४ साली बेल्जियममधल्या दिनां गावी जन्मलेले अडॉल्फ सॅक्स १८४२ मध्ये पॅरिसला आले आणि १८४६ मध्ये त्यांनी या वाद्याचं पेटंट घेतलं. त्या काळचे माउथपीस लाकडाचे असत. आतली पोकळी रुंद आणि गोलसर.

ही पोकळी फार महत्त्वाची. सॅक्सोफोनची नळी म्हणजे टोक कापलेला शंकू. कापून टाकलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, तिची भरपाई माउथपीसमधल्या पोकळीने करायची असते. पोकळी वेगळी झाली की नुसता आवाजाचा पोत बदलत नाही, सूरही हलतात. जुन्या सॅक्सोफोनला आजचा अरुंद माउथपीस लावला की खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळेनासं होतं. म्हणजे माउथपीस हे वाद्याला जोडलेलं सामान नाही, वाद्याचाच कापलेला भाग आहे.

आणि नेमका तोच हरवला. सॅक्स यांच्या कारखान्यातले सॅक्सोफोन आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. पितळ टिकलं, त्यावर कोरलेले अनुक्रमांकही टिकले. सोबतचे मूळ माउथपीस मात्र दुर्मीळ आहेत. लाकूड तडकतं, ओलाव्याने वाकडं होतं. शिवाय तुकडा सुटा. वाजवणाऱ्याने नवा घेतला की जुना कुठल्या तरी खणात जातो. सॅक्स स्वतः जुनी वाद्यं जमवायचे, पण त्यांचं तीनदा दिवाळं निघालं आणि १८७७ मध्ये तो संग्रह लिलावात विकला गेला.

लाकडाची जागा पुढे इबोनाइटने घेतली. नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत या कडक रबराचं पेटंट घेतलं. नेहमीच्या रबरात गंधक थोडंच घालतात. इबोनाइटमध्ये ते वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणून ते लाकडासारखं कोरता येतं आणि पाण्याने वाकत नाही. पण प्रकाश आणि दमट हवा मिळाली की पृष्ठभागावरचं गंधक हळूहळू आम्लात बदलतं, काळा रंग जातो. बाहेर पडणारी गंधकाची संयुगं शेजारच्या चांदीला काळं करतात. माझ्या डबीत घडलं ते हेच. जो पदार्थ टिकावा म्हणून निवडला, त्याचीही अट होती: अंधार, कोरडेपणा आणि चांदीपासून अंतर.

दरम्यान आतला आकारही बदलला. नाचाचे बँड मोठे होत गेले, त्या गोंगाटात ऐकू जाईल असा झणझणीत आवाज हवा झाला. पोकळ्या अरुंद झाल्या, धातूचे माउथपीस आले. सिगुर्ड राशेर (१९०७–२००१) हे वादक आयुष्यभर सांगत राहिले की सॅक्स यांचा आवाज हवा असेल तर रुंद पोकळीकडे परत जा. बेर्लिओझ यांनी तर १८४२ मध्येच पॅरिसच्या वर्तमानपत्रात या वाद्याचं कौतुक केलं होतं. आज ते वाचताना आपल्या कानात वाजतो तो बहुधा भलत्याच माउथपीसचा आवाज.

सगळ्यांनीच नोंद ठेवली नाही असं नाही. बर्ग लार्सन या ब्रिटिश कंपनीच्या माउथपीसवर ‘११०/२’ असे आकडे कोरलेले असतात. ११० म्हणजे टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यातली फट, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर. पुढचा २ हा पोकळीचा क्रमांक: ० सगळ्यात झणझणीत, ३ सगळ्यात मऊ. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे पाहून बरं वाटतं. वस्तूची माहिती वस्तूवरच. इतरांचं मात्र ज्याचं त्याचं निराळं. सेल्मर अक्षरं वापरते, मायर आकडे. एकाचा ५ दुसऱ्याच्या ५ शी जुळेलच असं नाही. म्हणून डबीत नुसते ओळीने लावून ठेवलेले माउथपीस पाच वर्षांनी आपल्यालाच ओळखू येत नाहीत.

आता माझा प्रत्येक माउथपीस वेगळ्या कापडी पिशवीत असतो, खणाच्या आत. धुतो थंड पाण्यानेच. लिगेचर दुसऱ्या डबीत. रिडा पुसून, सपाट ठेवून वाळवतो, नाहीतर पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. आणि पिशवीत एक चिठ्ठी: कोणत्या कंपनीचा, फट किती, कोणत्या सॅक्सोफोनवर जुळतो, कोणत्या नंबरच्या रीडबरोबर, कधीपासून.

डागळलेला माउथपीस फेकलेला नाही. त्याच्या चिठ्ठीवर शेवटी लिहिलंय: गरम पाणी, चूक माझी.