दिवाळी अंकातील प्रेमकादंबरी

दिवाळी अंकात ‘संपूर्ण कादंबरी’ म्हणून छापली जाणारी, एका दुपारीत किंवा चार-दोन लोकल प्रवासांत वाचून संपणारी, बहुधा गोड शेवटाची प्रेमकथा. इंग्रजीत नाताळच्या तोंडावर निघणाऱ्या प्रणयकादंबऱ्या हिच्या जवळच्या नात्यातल्या. तिकडे बर्फ, शेकोटी आणि शहरातून गावी परतलेली नायिका. इकडे पहिल्या आंघोळीचे उटणे, आकाशकंदील आणि भाऊबिजेला माहेरी आलेली बहीण. प्रस्तुत नोंद मुख्यतः ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील वाचनालयांचा वाचक समोर ठेवून केली आहे.

पूर्वपीठिका : का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली काढलेला अंक हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. प्रेमकथेचा साचा ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी घोटून दिला. कथालेखनाच्या तंत्राची चर्चा त्यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये केली. पुढे योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर (या रत्नागिरीच्या आमदारही होत्या), चंद्रकांत काकोडकर, बाबा कदम आदींच्या कादंबऱ्यांनी वाचनालयांची कपाटे भरली.

‘शामा’ खटला : ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया एवढाच तिचा विषय. अश्लीलतेच्या आरोपावरून भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली लेखक, मुद्रक-प्रकाशक आणि विक्रेता यांच्यावर पुण्यात खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी सर्वांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने लेखक व प्रकाशक यांना दोषी ठरवून प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि त्यांच्या ताब्यातील प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नाही, अपरिपक्व आहे, अभिरुचीही यथातथाच. पण ती वाचून तरुण मुले बिघडतील असे तिच्यात काही नाही, असा निकालाचा मथितार्थ. या वाङ्मयप्रकारावर समीक्षकांनी याहून नेमके काही लिहिल्याचे आढळत नाही. (‘शामा’ ही गोड शेवटाच्या कथांतली नव्हे, तरी या लेखनाची इतकी तपशीलवार लेखी नोंद अन्यत्र नसल्याने येथे विस्तार केला आहे.)

वाचनालये व वाचक : कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे ठाण्याच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी. जुन्या पोथ्यांच्या मागे फिरलेल्या माणसाच्या संस्थेत पुढे दिवाळी अंकांसाठी नंबर लागू लागले, यात कमीपणा काही नाही. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी १९८६ पासून आहे. सगळे अंक विकत घेणे पगारदाराला झेपत नाही. म्हणून एकदाच वर्गणी भरून शिमग्यापर्यंत पाळीपाळीने अंक न्यायचे, ही रीत या पट्ट्यात रुळली. अंकाचे कव्हर आधी सुटते आणि पाठोपाठ कादंबरीची पाने.

आकर्षण : फराळाचे डबे भरून झाल्यावर, पाहुणे उठून गेल्यावर घरातल्या बाईला जी एक दुपार मिळते, तिच्या मापाची ही कादंबरी असते. शेवट ठाऊक असणे हा येथे दोष नाही. शेवटचे पान आधी वाचून मग सुरुवातीकडे वळणारे वाचक असतात, आणि त्यांची मजा कमी होत नाही. नायक-नायिका एकत्र येणार हे माहीत असते. सासू कशी विरघळते, अबोला कोण मोडतो, हे पाहायचे असते. डोंबिवलीहून सकाळी लेडीज डब्यात घुसलेल्या बाईला दिवसभरात कोणी ‘दमलीस का?’ विचारत नाही. कादंबरीतला नायक ते तिसऱ्या प्रकरणात विचारतो.

उणिवा : पुनरावृत्ती हा नेहमीचा आक्षेप, तो खरा असला तरी किरकोळ आहे. अंक दिवाळीआधी बाजारात यायचा, म्हणून मजकूर पावसाळ्यातच हवा असतो. त्यात जाहिरातींची पाने वाढली की कादंबरी आखडते आणि वीस वर्षांचा गैरसमज एका फोनवर मिटतो. याहून मोठी उणीव घराची. वाचक राहतो दोन खोल्यांत. नायिका राहते बागेतल्या बंगल्यात, पुण्यात नाहीतर महाबळेश्वरच्या वाटेवर. पाणी किती वाजता येते, कर्जाचा हप्ता किती, हे प्रश्न तिला पडत नाहीत. आडनावे एका ठरावीक वर्तुळातली, त्यामुळे जातीचा अडसर उभाच राहत नाही. चकल्या तळणारी मोलकरीण एका वाक्यापुरती येते. वास्तविक पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे (१९२७–२०१३) हे दोघेही डोंबिवलीत राहणारे. गाव लेखकांना अपरिचित नव्हते. तरीही या कादंबऱ्यांतील प्रेम कल्याण फाट्याच्या अलीकडे क्वचितच जमते.

पुरुष वाचक : आहेत, कार्ड बहुधा पत्नीच्या नावावर असते.

रूपांतरे : काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून राज खोसला यांनी ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट काढला. तो १९६९ सालचा, म्हणजे ‘शामा’चा निकाल लागला त्याच वर्षीचा.