क्रॉसओव्हरचं घराणं टेलिफोनचं

जुन्या स्पीकरचा वूफर काढून आत डोकावलं की एका फळीवर तांब्याच्या तारेची एक-दोन वेटोळी, दोन-तीन कंडेन्सर आणि एखादा पांढरा रेझिस्टर दिसतो. हा क्रॉसओव्हर. खर्ज वूफरकडे आणि वरचे सूर ट्वीटरकडे पाठवायचे, एवढंच त्याचं काम. बोलपटांच्या काळात मोठ्या थिएटरांना दणकट आवाज हवा होता, त्या गरजेतून तो जन्मला, असं सांगतात. मला हे पटत नाही. थिएटरात तो वयात आला असेल. त्याचं घराणं टेलिफोनचं आहे, आणि तेही टेलिफोनच्या तारेतल्या एका दोषातून सुरू झालेलं.

या घराण्याचा पणजोबा ऑलिव्हर हेव्हिसाइड. लांब तारेवरून बोललं की शब्द घोगरे, अस्पष्ट व्हायचे. तारेचं इंडक्टन्स वाढवलं तर बोलणं स्वच्छ पोहोचेल, असं या इंग्रजाने 1887 मध्ये गणिताने दाखवून दिलं. ब्रिटिश पोस्ट खात्याचे विल्यम प्रीस नेमके उलट मताचे होते, आणि खातं त्यांच्या हातात होतं. तारेत ठरावीक अंतरावर कॉइल बसवायचा हा उपाय इंग्लंडमध्ये तसाच पडून राहिला.

तो उचलला अमेरिकेत, आणि तिथे भांडण लागलं. एटी अँड टी कंपनीतले जॉर्ज कॅम्पबेल 1899 मध्ये बोस्टनला कॉइल लावलेल्या तारेची चाचणी घेत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल प्युपिन यांनी पेटंटसाठी अर्ज टाकला. कॅम्पबेल यांचा अर्ज त्यानंतर गेला. निकाल प्युपिन यांच्या बाजूने लागला, आणि कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले. आजही त्या कॉइलला प्युपिन कॉइल असंही म्हणतात. प्युपिन सर्बियन खेड्यातले. लहानपणी गुरं राखताना जमिनीत सुरा रोवून दूरचा आवाज कसा ऐकायचा हे ते शिकले, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, आणि त्या पुस्तकाला 1924 मध्ये पुलित्झर मिळालं. गोष्ट मोठी सुंदर आहे. तरीही प्युपिन यांना मी या घराण्यात फार तर चुलत आजोबा मानतो, आणि त्याला कारण आहे.

तार म्हणजे जवळजवळ ठेवलेले दोन वाहक, म्हणजे नकळत तयार झालेला लांबच लांब कंडेन्सर. त्यात मैलामैलावर कॉइल घातली की कॉइल, कंडेन्सर, कॉइल, कंडेन्सर अशी माळ तयार होते. ही माळ बोलणं नीट पोहोचवते, पण एका ठरावीक कंपनसंख्येच्या वरचं काहीच पुढे जाऊ देत नाही. टेलिफोनवाल्यांच्या दृष्टीने ही खोड होती. कॅम्पबेल यांनी त्या खोडीकडेच टक लावून पाहिलं: वरचं अडवायचंच असेल तर हीच माळ मुद्दाम बांधावी, कॉइल आणि कंडेन्सर यांच्या जागा बदलल्या तर खालचं अडेल. असा फिल्टर जन्माला आला. त्यांचे अर्ज 1915 चे, पेटंटं 1917 ची. जर्मनीत कार्ल विली वॅगनर त्याच सुमारास त्याच वाटेने गेले, म्हणून जर्मन लोक मान त्यांना देतात. द्यावा, पण बोस्टनच्या तारेपासूनचा सलग धागा कॅम्पबेल यांच्याच हातात दिसतो.

1918 मध्ये बाल्टिमोर-पिट्सबर्गच्या तारेवर नेहमीच्या बोलण्याच्या जोडीला आणखी चार संभाषणं एकदम चालू लागली. प्रत्येक संभाषण आपापल्या घरी पोहोचवायचं काम फिल्टरचं. स्पीकरच्या डब्यात याहून वेगळं काय घडतं?

बोलपटवाल्यांचा दावाही इथेच ढिला पडतो. ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटाची ध्वनियंत्रणा वेस्टर्न इलेक्ट्रिकची, आणि ती कंपनी एटी अँड टीचीच. 1933 च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना ऐकवला तो एटी अँड टीच्याच बेल लॅब्सने, टेलिफोनच्याच तारांवरून, आणि खर्जाचे व वरच्या सुरांचे भोंगे वेगवेगळे ठेवून. एमजीएम या चित्रपट कंपनीचा थिएटरांसाठीचा गाजलेला स्पीकर, शिअरर हॉर्न, त्यानंतरचा. आणखी एक पुरावा तर आजही डब्यात सापडतो. वूफरला समांतर जोडलेली रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी झोबेल यांच्या नावाने ओळखली जाते. फिल्टरचं शास्त्र 1923 मध्ये नीट बांधून देणारे ओटो झोबेल एटी अँड टीचेच.

आता मी स्पीकर दुरुस्त करतो त्या कोरपन्याकडे येऊ. इथे दुरुस्तीला आलेल्या जुन्या जोड्यांमध्ये या घराण्याचा एक हात ठणठणीत असतो आणि दुसरा लुळा पडलेला. कॉइल चाळीस वर्षांनीही तेवढीच भरते. दगा देतो तो नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आतला ओलावा सुकतो, आणि उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

फसगत होते ती मोजण्यात. 6.8 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मीटरवर 6.9 दाखवतो, आणि मेकॅनिक ‘चांगला आहे’ म्हणून तोच परत लावतो. पण त्याचा आतला रोध 2 ओहमवर गेलेला असतो. 8 ओहमच्या ट्वीटरचा आवाज तेवढ्याने जवळपास 2 डेसिबल खाली येतो. सतार बोथट लागते, झांजेची धार जाते, आणि घरातले म्हणतात, स्पीकर म्हातारा झाला.

बदली म्हणून फिल्म कंडेन्सर लावावा का, यावरही वाद आहे. त्याचा रोध जवळपास शून्य, म्हणून ट्वीटर कधीकधी मुळापेक्षा तिखट वाजतो. बनवणाऱ्याने नव्या इलेक्ट्रोलिटिकचा थोडा रोध हिशेबात धरूनच सूर जुळवलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी फिल्म कंडेन्सरच्या ओळीत अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाकतो. दोन्ही डब्यांतले कंडेन्सर एकाच वेळी बदलतो, नाहीतर गायकाचा आवाज एका बाजूला ओढला जातो. कॉइलला मात्र हात लावत नाही.