तबकडी-यंत्राची पारख

बोलत्या यंत्राचा इतिहास बहुधा संशोधकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एडिसननें १८७७ सालीं कथिलाच्या पातळ वर्खावर माणसाचा आवाज उमटविला. दहा वर्षांनीं एमिल बर्लिनरनें नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडी आणली. आणि पुढें यंत्रामागून यंत्रें येत गेलीं. परंतु या इतिहासाला ऐकणाऱ्यांचीहि एक बाजू आहे, व आज मी तीच आपल्यापुढें मांडणार आहें. ‘हें यंत्र अगदीं हुबेहूब वाजतें’ असें प्रत्येक पिढीस सांगण्यांत आलें, आणि प्रत्येक पिढींतील पुष्कळांनीं त्यावर विश्वास ठेवला. गाणें आणि चित्रपट यांसाठीं मोठी किंमत देऊन डिस्क-प्लेअर घेऊं पाहणाऱ्या गृहस्थानें या अनुभवापासून काय घ्यावें, हा आजचा प्रश्न आहे.

पहिली मोठी परीक्षा अमेरिकेंत झाली. १९१५ पासून सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें गांवोगांवच्या नाट्यगृहांतून जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर तबकडीचें यंत्र असे आणि त्याच्या शेजारीं तेंच गीत मुद्रित केलेली गायिका उभी राही. मध्येंच गायिका थांबे, तबकडी चालू राही. कधीं दिवे मालवीत. ते पुन्हां लागत तेव्हां गायिका तेथें नसेच, आणि अंधारांत गात होतें तें यंत्र, हें पाहून सभागृह थक्क होई. आज याचें नवल वाटतें. कारण त्या वेळीं ध्वनिमुद्रणांत मायक्रोफोन आलेला नव्हता. कर्ण्यांत शिरलेला आवाज यांत्रिक रीतीनेंच कोरीत असत. विजेच्या साहाय्यानें मुद्रण १९२५ मध्यें सुरू झालें. मग श्रोते चकले कसे? ॲना केससारख्या गायिका आपला आवाज यंत्राच्या आवाजाशीं जुळवून घेत. शिवाय काय ऐकूं येणार, हें श्रोत्यांस आधींच सांगितलेलें असे. परीक्षेची मांडणी विक्रेत्याच्या हातीं असली म्हणजे निकालहि बहुधा त्याच्याच हातीं असतो.

कान मोठा सोशिक, आणि तितकाच भाबडा आहे. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गाइसबर्गनें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें. पुढें अर्ध्या शतकाहून अधिक काळ आपल्या घरांतून तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर ख्याल आणि नाट्यगीतें ऐकलीं गेलीं. सुईची खरखर कान आपोआप बाजूस सारी, आणि गळ्याची फिरत तेवढी घेई. हें मनाचें सामर्थ्य खरें. पण जें मन उणें भरून काढतें, तेंच मन नसलेलें अधिकहि ऐकतें.

१९८२ च्या ऑक्टोबरांत जपानमध्यें सोनी कंपनीचा सीडीपी-१०१ हा कॉम्पॅक्ट डिस्क प्लेअर १,६८,००० येनला विक्रीस आला, आणि पारखण्याची जुनी रीत मुळांतूनच बदलली. सुईच्या यंत्रांत तबकडीची गति किंचित् ढळली तरी सूर ढळे. यंत्राचा दोष थेट गाण्यांत उतरे. नव्या तबकडींत गाणें आंकड्यांच्या रूपानें असतें. डाव्या व उजव्या अशा प्रत्येक बाजूच्या ध्वनीसाठीं सेकंदाला ४४,१०० नोंदी, आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर. लेसरचा किरण या नोंदी वाचतो. त्यांच्याबरोबर कांहीं जादा आंकडेहि कोरलेले असतात. त्यांच्या आधारें सुमारें अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा खंड पूर्णपणें भरून निघतो. तेव्हां महाग व स्वस्त अशा दोन्ही यंत्रांनीं आंकडे बरोबर वाचले, तर ते आंकडे एकच. फरक पडूं शकतो तो पुढें, जेथें आंकड्यांपासून पुन्हां विजेची लहर घडविली जाते तेथें.

१९९६ मध्यें डीव्हीडी आली, १९९९ मध्यें सुपर ऑडिओ सीडी, २००० मध्यें डीव्हीडी-ऑडिओ, आणि २००६ मध्यें ब्लू-रे. व्यास सर्वांचा बारा सेंटिमीटरच. पण एकीची भाषा दुसरीच्या यंत्रास कळेना. म्हणून सर्व प्रकारच्या तबकड्या वाचणारे प्लेअर निघाले. चित्राच्या बाबतींत यंत्रायंत्रांतील फरक डोळ्यांस खरोखर दिसे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा; अमेरिकन व जपानी दूरचित्रवाणीची रीत सेकंदाला सुमारें ६० अर्धचित्रांची. तीं अर्धचित्रें नीट जुळविण्याचें काम कांहीं प्लेअर सफाईनें करीत. कांहींत तिरप्या रेघांना करवतीसारखे दांते पडत.

आतां २०१० च्या जानेवारींतील हकीकत ऐका. लेक्सिकॉन या नामांकित कंपनीच्या बीडी-३० या ब्लू-रे प्लेअरची किंमत ३,५०० डॉलर होती. ऑडिओहॉलिक्सच्या अमेरिकन परीक्षकांनीं त्याची पेटी उघडली, तों आंत ओप्पो कंपनीचा बीडीपी-८३ हा सुमारें ५०० डॉलरांचा प्लेअर सांगाड्यासकट बसविलेला आढळला. मोजमापेंहि जवळजवळ सारखींच निघालीं. ओप्पोचें यंत्र चांगलेंच होतें. प्रश्न वरच्या तीन हजार डॉलरांचा होता. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडली.

डोळ्याआड घेतलेल्या परीक्षा काय सांगतात? उंची तबकडीचा आवाज मध्येंच साध्या सीडीच्या मापांतून काढून दिला तर श्रोत्यास कळतें काय, याचा प्रयोग मेयर व मोरन यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केला. ५५४ वेळां विचारलें, २७६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवूनहि तितकींच मिळालीं असतीं. या प्रयोगांतील कांहीं तबकड्यांवर आक्षेप आले. २०१६ मध्यें जोशुआ रीस यांनीं १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांवर उत्तरें एकत्र केलीं, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२ च्या आसपास भरलें; आधीं सराव दिलेल्या श्रोत्यांचें त्याहून अधिक. म्हणजे फरक मुळींच नाहीं असें म्हणवत नाहीं. पण तो बारीक आहे, आणि जाहिरातींत मात्र डोंगराएवढा होतो.

म्हणून घरीं परीक्षा करतांना दोन्ही यंत्रांचा आवाज मापकानें अगदीं सारखा करावा. कारण किंचित् मोठें वाजणारें कानास अधिक गोड वाटतें. यंत्र बदलण्याचें काम दुसऱ्यानें करावें, आणि कोणतें चालू आहे तें ऐकणारास कळूं देऊं नये. ओळखीच्या गळ्याची तबकडी लावावी, आणि एकदां नव्हे, पुष्कळदां विचारावें. आंकडे जर केबलनें थेट अँप्लिफायरकडे जात असतील, तर त्यांची लहर तेथें होते. अशा घरीं प्लेअरमधील भारी भागांसाठीं पैसे मोजणें व्यर्थ आहे. त्यापेक्षां ओरखडे पडलेली जुनी तबकडी तो न अडखळतां वाचतो काय, शांत प्रसंगीं त्याची घरघर ऐकूं येते काय, आणि बिघडल्यास लेसरचा भाग मिळेल काय, हें पाहावें.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. ओप्पो कंपनीनें २०१८ मध्यें प्लेअर काढणें थांबविलें. त्यानंतर आणखीहि कंपन्या या धंद्यांतून बाहेर पडल्या. पोथी समईच्या उजेडांत वाचतां येते. तबकडी यंत्रावांचून मुकी असते. कपाटांत जपलेलें एखाद्या गवयाचें गाणें, किंवा घरच्या लग्नाचें चित्रण, नातवंडांस पाहावयास मिळेल कीं नाहीं, हें त्या यंत्रावर अवलंबून आहे. तेव्हां आपल्या कपाटांतील सगळ्या तबकड्या घेऊन दुकानांत जा, आणि त्या जो निमूटपणें व दीर्घकाळ वाचील, त्या प्लेअरला किंमत द्या. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.